गावदेवीच्या घुमटाची सिद्धता

६ जानेवारी, सोमवार

काल पाड्याच्या सभेत तीन गोष्टी निर्विवाद ठरल्या. पहिली, गावदेवीच्या गाभाऱ्यावरचे सिमेंटचे पत्रे गळतात. दुसरी, गाभारा गोल असल्यामुळे त्यावर घुमटच शोभेल. तिसरी, दुकानात मिळणारा फायबरचा घुमट हा घुमट नसून उपडे घातलेले घमेले आहे. पहिल्या दोन सर्वांनी मिळून ठरवल्या. तिसरी मी सिद्ध केली.

मागून कोणीतरी विचारले, "मंग करनार कोन?" मी सांगितले की पत्र्याच्या पाकळ्यांचे आकार काढणे हा निव्वळ अनुमानाचा भाग आहे, तो मी करीन. उल्हासनगरच्या कॉलेजात निवृत्तीपर्यंत तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने एका अर्धगोलाला भिण्याचे कारण नाही.

नियोजन: एक आठवडा सिद्धता, एक आठवडा कापणी, एक आठवडा जोडणी. चैत्री पौर्णिमेच्या जत्रेला पालखी देवीच्या स्वतःच्या उंबऱ्यावरूनच निघावी लागते, अन्यथा निघतच नाही. तिला अजून तीन महिने आहेत. उरलेल्या वेळात हेत्वाभासांवरचे माझे पुस्तक पुरे करीन.

एक बाब सभेत माझ्या ध्यानात आली नाही. आमच्याकडची रीत अशी की देवीचे काम जो अंगावर घेतो, त्याच्याच घरी काम पुरे होईपर्यंत देवी राहते.

७ जानेवारी

पत्रे उतरले. देवी आली. हॉलमध्ये पूर्वेकडे तोंड करून बसता येईल अशी सपाट जागा एकच, ती म्हणजे माझे लिहिण्याचे टेबल. मी स्वयंपाकघरात, कणकेच्या डब्याशेजारी लिहितो आहे.

यशोधरेने जाहीर केले की देवी घरात आहे तोवर मासळी बंद. मी विचारले, सुका बोंबीलही? "बोंबील सुका असतो, वास सुका नसतो," असे उत्तर मिळाले. पत्नीच्या या विधानात दोष सापडला नाही.

८ जानेवारी, सकाळी

यंदा पूजेची पाळी जनूकडे आहे. जनू माझा धाकटा भाऊ. काही वर्षांपूर्वी जमिनीच्या बैठकीत मी त्याची दोन विधाने परस्परविरुद्ध असल्याचे सर्वांसमक्ष दाखवून दिले होते. ती परस्परविरुद्ध होतीच. तेव्हापासून तो माझी पायरी चढलेला नाही, आणि जन्मभर ज्याला 'दादूस' म्हणत आला त्याला 'सर' म्हणतो. या वागण्याला युक्तिवादाचा आधार नाही.

आज त्याने उंबऱ्याबाहेर उभे राहून आरती म्हटली आणि तबक मुलीच्या, नेत्राच्या, हातून आत पाठवले. मी स्वयंपाकघरातून ऐकले. त्याचा आवाज फार बसला आहे. याचा घुमटाशी संबंध नाही.

१० जानेवारी

आज हॉलमध्ये एका बाईने मुलाच्या नोकरीसाठी देवीला कौल लावला. पद्धत अशी: दोन ओल्या कळ्या देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या आणि वाट पाहायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाठ्यपुस्तकात घालावा असा हेत्वाभास. मी स्वयंपाकघराच्या दारातून लक्षात आणून दिले की आमच्या पंख्याचा वारा देवीच्या डाव्या खांद्यावर येतो. तेव्हा पंखा चालू असता डावी कळी आधी पडणारच. कौल लागलेला असताना पंखा बंद राहील, असा नियम मी त्याच वेळी करून घेतला. खंडन करायचे असले तरी पुरावा निर्दोष हवा.

१२ जानेवारी, रविवार

गाभाऱ्याचे माप घेतले. देवीच्या भिंतीला दोरी लावण्याचा मान घराण्यातील थोरल्या बाईचा, म्हणजे आमच्या गोदूबाई काकींचा. जनूने दोरीचे टोक दाराशी धरले, काकी भिंतीला हात लावत फेरी घालून आल्या, आणि मी चिंचेखाली खुर्ची टाकून आकडा उतरवून घेतला. फेरी पुरी झाल्यावर काकी टोकाशी न थांबता एक पाऊल पुढे गेल्या आणि मग थांबल्या. तेथे दोरीला गाठ मारली. वय झाले की तोल असाच जातो.

नेत्राने विचारले, "मोठे काका, आडवं पण मोजूया ना?" मी तिला समजावले की परीघ कळला की व्यास आपोआप निष्पन्न होतो. जे निष्पन्न होते ते पुन्हा मोजणे हा पुनरुक्तीचा दोष आहे.

परीघ चौतीस फूट. हा आता आपला अढळ आधार.

१९ जानेवारी

आकार ठरला. पाकळी खाली रुंद आणि वर शून्य. अर्थात ती त्रिकोण. असे बारा त्रिकोण. साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून लहान नमुना कापला, कडा डिंकाने जोडल्या. घुमटाऐवजी निमुळते शंकूसारखे काहीतरी उभे राहिले. डिंक ओला असल्याचा परिणाम.

सायंकाळी जनूने उंबऱ्याबाहेरून ते पाहिले.  मग म्हणाला, "सर, देवीचा वाढदिवस हाय का? टोपी बेस झालीय." नेत्रा हसली. यशोधरा हसली. जनूही हसला. त्याचा एक दात पडला आहे, हे मला ठाऊक नव्हते.

२५ जानेवारी

डिंक वाळला. अजून टोपीच.

दोषाचे मूळ शोधतो आहे. यशोधरा कणीक मळता मळता म्हणाली की परकराची कळी सरळ कापली तर घेर येत नाही, बाजू फुगीर ठेवाव्या लागतात. मी म्हणालो की परकर आणि घुमट यांत व्याप्तिसंबंध प्रस्थापित झालेला नाही. ती म्हणाली, बरं.

२ फेब्रुवारी, रविवार

स्वतंत्र विचाराने एका महत्त्वाच्या निष्कर्षाप्रत आलो: पाकळीच्या बाजू सरळ नसून फुगीर असल्या पाहिजेत. यशोधरेला सांगितले. तिने कुकरची शिटी काढली.

वाऱ्याने उंबऱ्यावर निरांजन विझते म्हणून जनू कालपासून आत येऊन आरती करतो. आरती झाली की लगेच बाहेर. पाणी विचारले तर "नको सर."

९ फेब्रुवारी

नेत्रा अंबरनाथला एका कंपनीत ड्रॉइंग काढते. तिने सांगितले की कॉम्प्युटरला परीघ दिला की पाकळी दोन मिनिटांत छापून मिळते. मी तिला विचारले की तो कॉम्प्युटर उत्तर देतो की सिद्धता? ती म्हणाली, उत्तर. मग विषय संपला. ज्या आकाराची सिद्धता माझ्यापाशी नाही, त्याच्याखाली मी देवीला बसवू शकत नाही.

नेत्रा निघताना यशोधरेला म्हणाली, "काकी, तुम्ही आणखी दोन महिने बोंबील नाही खाल्ला तर मरणार नाही, पण मोठे काका मरतील." मी ऐकले आहे, हे तिला ठाऊक होते.

१६ फेब्रुवारी

उल्हासनगरला कमलेशच्या वर्कशॉपमध्ये गेलो. सिंधी माणूस, कूलर आणि कपाटे बनवतो. वडिलांपासूनची ओळख. त्याच्यासमोर सिद्धतेचे नऊ कागद ठेवले. त्याने ते उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाला, "साईं, ड्रॉइंग कुठे आहे?" मी म्हणालो, हेच. तो म्हणाला, "सर, कागदावर घुमट दोन साइड वळतो. पत्रा एक साइड वळतो. साईं, ये पत्रा है, पापड नहीं."

आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पाकळी उभी वाकेल; आडवी सपाटच राहील. म्हणजे बारा पाकळ्यांचा घुमट बाहेरून छत्रीसारखा पैलूदार दिसेल. यावर उपाय पाकळ्या वाढवणे. सोळा. सर्व गणित पुन्हा.

रात्री आरतीनंतर जनूने विचारले, पुन्हा म्हंजे पयल्यापासनं? मी होय म्हणालो. तो तेथेच चटईवर बसला. चहा पुढे केला तर घेतला. साखर कमी झाली, म्हणाला. पूर्वीही हेच म्हणत असे.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

अंबरनाथला शिवमंदिरावर जाऊन आलो. हेतू शुद्ध अभ्यासाचा: शिखराची वळणरेषा पाहणे. गर्दीमुळे वळणरेषा दिसली नाही, परंतु एक अमोल गोष्ट आढळली. तेथील शिखर अपुरे आहे, गाभाऱ्यावर आकाश. शतकानुशतके देव तसाच बसला आहे आणि आजही रांग पार नाल्यापर्यंत होती. विलंबाला याहून भक्कम दृष्टान्त नको.

घरी येऊन हा युक्तिवाद जनूला ऐकवला. तो म्हणाला, "सर, शंकराचा काय, तो डोंगरावं रायलेला मानूस. आपली बायमानूस हाय." मी उत्तराची जुळवाजुळव करीत असताना तो दुसरा चहा मागून बसला.

९ मार्च, रविवार

सोळाच्या चोवीस केल्या. जितक्या पाकळ्या अधिक, तितका घुमट निर्दोष. संख्या अनंत केली असता पूर्ण निर्दोष.

हल्ली पुठ्ठा कापायला जनू बसतो. मी आखतो, तो कापतो. काही बोलावे लागत नाही. मधूनच तो आखलेल्या रेषेच्या आत कापतो आणि मी खाकरतो, मग तो रेषेवर येतो. आज तो येथेच जेवला. वालाची उसळ होती. देवी नसती तर मांदेली झाली असती, असे दोघेही एकदम म्हणालो.

तो गेल्यावर यशोधरेने भांडी घासता घासता विचारले, "तुम्हाला घुमट पुरा करायचा आहे का?"

प्रश्न अप्रस्तुत होता. बत्तीस पाकळ्यांचा विचार मात्र तूर्त स्थगित.

२३ मार्च, रविवार

पाड्याची सभा. माझ्या ओटीवरच झाली, कारण देवी येथे. सूर उद्धट नव्हता; त्यामुळे खंडन करणे अवघड गेले. कोणी म्हणाले, सरांचं गणित बरोबरच असणार. कोणी म्हणाले, पण देवीला घमेलं चाललं असतं. शेवटी जनू उभा राहिला. मला वाटले माझी बाजू मांडेल. तो म्हणाला, "सर, पुनवेला पालखी आपले उंबऱ्यावरनं नाय निंगाली तर माजे पाळीला निंगाली नाय, असंच लोक बोलतील. जन्मभर बोलतील. मना बाकी काय ठाव नाय."

हे विधान पूर्णपणे सुसंगत होते.

चोवीस पाकळ्या अंतिम. उद्या कमलेशकडे.

३ एप्रिल, गुरुवार, सायंकाळी सहा

विजय. कमलेशने चोवीस पाकळ्या कापल्या, वाकवल्या आणि वर्कशॉपच्या अंगणात एकमेकींना रिव्हेट करून घुमट उभा केला. शेवटची पाकळी पहिलीला अशी येऊन भिडली की मध्ये पोस्टकार्डही गेले नसते. कमलेश दोन वेळा भोवती फिरला आणि म्हणाला, "सर, मान गए." शेजारच्या गाळ्यातले लोक पाहायला आले. एकाने विचारले, टाकी आहे का? अज्ञान क्षम्य आहे.

प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन: पाचही अवयव पूर्ण. जनूला फोन करून सांगितले. तो म्हणाला, "बरा झाला, सर." मग म्हणाला, "मंग रविवारनंतर देवी जाईल." मी म्हणालो, अर्थात. यशोधरेला सातच्या आरतीनंतरचा चहा ठेवायला सांगितले.

६ एप्रिल, रविवार

प्रसंग शांतपणे नोंदवतो.

सकाळी टेम्पोतून घुमट आला. हायड्रा क्रेन आली. सर्व पाडा जमला. ढोल होता. घुमट वर गेला, उन्हात चमकला, गाभाऱ्यावर आला आणि खाली येऊ लागला. भिंतीच्या कडेशी तो थांबायला हवा होता. तो थांबला नाही. तो भिंतीवर बसण्याऐवजी भिंतीवरून खाली उतरला, थोरल्या भावाची टोपी धाकट्याच्या डोक्यात जाते तसा. पुढची बाजू दारावरच्या छज्ज्याला अडकली. मागची आणखी खाली गेली. तेथे तो रुतला. ढोल थोडा वेळ वाजत राहिला, कारण वाजवणाऱ्यांची तिकडे पाठ होती.

कमलेशने चढून हलवून पाहिले. "साईं, एकदम फिट है. हिलेगा नहीं." काढायला गेलो तर पत्रा फाटेल, असेही म्हणाला.

गाभाऱ्यावर मागे कललेला घुमट. मी चिंचेखालून पाहिला. कोणीतरी मला बसायला खुर्ची आणून दिली. हे सर्वांत वाईट.

७ एप्रिल

चौकशी पुरी केली. गाभाऱ्याचा व्यास आडवा मोजला: दहा फूट. माझ्या घुमटाचा दहा इंचांनी अधिक. पाकळ्यांत दोष नाही. सिद्धतेत दोष नाही. इतकेच नव्हे, एवढ्या फरकाने घुमट दोन फूट खाली उतरावा, हेही माझ्याच सूत्रांतून अचूक निघते. तो उतरला तो नियमानुसार उतरला.

मग काकींकडे जाऊन विचारले की त्या दिवशी फेरी पुरी झाल्यावर एक पाऊल पुढे का गेलात. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "देवीचे तोंडासमोर फेरी कवा थांबवाची नसते, बाला. एक पाऊल पुढं जाऊनशी थांबाचं. तुजे आयशीने शिकवला नाय तुना?"

आईने शिकवले होते. मी चिंचेखाली होतो.

निष्कर्ष: आधारविधानातच एक पाऊल अधिक होते. नव्या परिघाने नव्या पाकळ्या काढाव्या लागतील. पौर्णिमेपूर्वी ते अशक्य. देवीला येथे आणखी वर्षभर राहावे लागेल. जनूची पाळी वाढवून मिळेल, कारण काम अपुरे. हा मार्ग मला सर्वथा उचित वाटतो.

१० एप्रिल, गुरुवार

पाड्याने माझा मार्ग ऐकून घेतला आणि ठरवले की देवीलाच विचारावे. हा कललेला घुमट तिला चालतो का? उजवी कळी पडली तर पौर्णिमेला पालखी. डावी पडली तर घुमट उतरवून नवा.

कौल माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच टेबलावर लागला. काकींनी कळ्या चिकटवल्या. जनू हात जोडून पुढे बसला.  खोली माणसांनी भरली होती आणि उकाडा फार होता. पंखा बंद ठेवण्याचा नियम माझाच, हे खरे. परंतु तो केला तेव्हा जानेवारी होता. वृद्ध माणसे घामाघूम झाली होती. केवळ त्या दृष्टीने मी उठून पंखा पाचवर केला. यशोधरेने आधी पंख्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले.

डावी कळी हलू लागली. चांगलीच हलली.

लाईट गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. डावी कळी तशीच चिकटून राहिली.  मग उजवी कळी खाली घसरली आणि माझ्या टेबलावर, जेथे मी पेन ठेवीत असे तेथे, पडली.

जनू रडला. सर्वांसमक्ष. मी कौलाच्या प्रामाण्याविषयी काही बोलणार होतो, पण लाईट आली आणि पंखा सुरू झाला आणि सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी पंखा बंद केला.

१२ एप्रिल, शनिवार, चैत्री पौर्णिमा

देवी गेली. पालखी तिच्या उंबऱ्यावरून निघाली, पुढे जनू. पाळी राखली गेली.

काकी दाराशी बसल्या होत्या. घुमटाकडे बघून म्हणाल्या, "बग कशी, डोक्यावं पदर घेतलान." समोर वर उचललेला, मागे खाली आलेला: पदर असाच असतो, हे मान्य करावे लागेल. दुपारपर्यंत सर्व पाडा तेच बोलत होता. पदराची देवी. लोक फोटो काढीत होते. एका बाईने मला विचारले की हा पदर काढायला किती अभ्यास लागला.

मी म्हणालो, तीन महिने.

१३ एप्रिल

टेबल परत मिळाले. घरात मांदेली.

हेत्वाभासांवरचे पुस्तक उघडले. टेबलावर कुंकवाचा डाग आहे, कौलावरच्या प्रकरणाचा कागद ठेवतो त्या जागेच्या अगदी मध्यभागी. सायंकाळी सातला आपोआप उठून दार उघडले. कोणी नव्हते. वारा यावा म्हणून उघडले होते.

मांदेलीला मीठ अधिक पडले होते. यशोधरेने सांगितले, नेहमीइतकेच आहे.

१६ एप्रिल

कोणी आले नाही. शांततेत अभ्यास चांगला होतो. आज अभ्यास झाला नाही.

संकल्प: जनूला भेटून त्या जुन्या बैठकीतील विधानांबाबत एक सूक्ष्म बाजू मांडावी, ती दोन विधाने अगदी काटेकोरपणे परस्परविरुद्ध नसून केवळ विसंगत भासत होती, असे दाखवता येईल. टिपण करायला घेतले. चार पानांनंतर ती परस्परविरुद्धच निघाली. टिपण फाडले.

२० एप्रिल, रविवार

सकाळी जनू आला. उंबरा ओलांडून सरळ आत येऊन चटईवर बसला. सोबत बारकू नावाचा गृहस्थ होता, बारवी धरणाच्या बाजूच्या एका वाडीवरचा. त्यांच्या देवावरही गळके पत्रे आहेत. जत्रेला त्याने आमचा घुमट पाहिला. म्हणाला, "आमचे देवालाबी करून द्या, सर. असाच. असाच कललेला."

मी त्याला शांतपणे सांगितले की कल ही रचना नसून चूक आहे. बरोबर आकाराची सिद्धता असते, चुकीची नसते. आणि जी गोष्ट चुकून झाली ती हेतुपुरस्सर करता येत नाही. बारकूने सर्व आदराने ऐकले आणि जनूला विचारले, "सर नाय म्हनतान काय?"

जनू म्हणाला, "नाय नाय. ते असंच बोलतान. करतील."

मी म्हणालो, करीन, परंतु एका अटीवर. माप मी घेईन, परीघ आणि व्यास स्वतंत्रपणे, दोन वेळा.

जनूने चहाची कपबशी खाली ठेवली. म्हणाला, "माप काकीच घेनार. तिचेच मापाचा देवीला आवडला. तू दोरीचा टोक धर, दादूस, आनी हलू नको. तेवढा जमंल ना?"

यशोधरेने स्वयंपाकघरातून विचारले की साखर हवी आहे का कोणाला.

उद्या सात वाजता तो रिक्षा घेऊन न्यायला येणार आहे. दोरी काढून ठेवली आहे. दाराच्या कोणत्या बाजूस उभे राहावे, टोक कोणत्या हाती धरावे, याचा विचार झाला. काकी फेरी पुरी करतील आणि एक पाऊल पुढे जाऊन थांबतील. मी काही बोलायचे नाही, असे ठरवले आहे.